अडुळसा : कुंपणावरचे औषध आणि त्याची मर्यादा

खोकला आणि अडुळसा हे दोन शब्द मराठी माणसाच्या तोंडी जोडीनेच येतात. शेताच्या बांधावर, परसात किंवा घराच्या कुंपणाला वाढणारे हे सदाहरित झुडूप साधारण माणसाच्या उंचीचे होते. पाने लांबट, टोकदार व समोरासमोर असतात. पांढरी फुले तुऱ्याने येतात आणि त्यांच्या खालच्या पाकळीवर जांभळट रेषा दिसतात. संस्कृतात यास वासा किंवा वासक म्हणतात. लिनियसने १७५३ साली दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘अधाटोडा’ हा शब्द दक्षिणी भाषांतून आलेला आहे. शेळीही ज्याला तोंड लावत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ होतो. पाने कडू असल्याने जनावरे ती टाळतात, म्हणूनच कुंपणासाठी हे झुडूप उत्तम ठरते.

लागवडीला बियाण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या आरंभी पक्व फांदीचे तीन-चार पेरांचे, वीतभर लांबीचे तुकडे करावेत. दोन पेरे मातीत जातील अशा बेताने ते दीड-दोन फुटांवर खोचावेत. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी. एकदा मूळ धरल्यावर विशेष निगा लागत नाही. वर्षातून एकदा छाटणी केली की फूट दाट येते. छाटलेला पाला वाया जात नाही, शेतात त्याचे हिरवळीचे खत होते. पाने औषधासाठी साठवायची असल्यास सावलीत वाळवावीत.

अडुळशाच्या पानातून रस सहजासहजी निघत नाही. म्हणून पाने किंचित वाफवून अथवा तव्यावर गरम करून पिळतात आणि तो रस मधातून देतात. काही घरांत पानांचा काढा करतात. पानांतील ‘व्हॅसिसिन’ हे द्रव्य १८८८ साली वेगळे करण्यात आले. कफ पातळ करणारे ‘ब्रोमहेक्सिन’ हे आधुनिक औषध पुढे त्याच द्रव्याच्या आधारे तयार झाले. आजीच्या अनुभवाला प्रयोगशाळेनेही आधार दिला, असे म्हणता येईल.

तथापि पथ्येही तितकीच महत्त्वाची आहेत. या वनस्पतीमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गर्भवती स्त्रियांनी ती घेऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. लहान मुलांना किती मात्रा द्यावी, हे वैद्यांना विचारूनच ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. वासा उपलब्ध असताना क्षयी माणसाने धीर सोडू नये, अशा आशयाचे एक जुने संस्कृत वचन आहे. ते रचले गेले तेव्हा क्षयाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला आणि विसाव्या शतकात त्यावर नेमकी औषधे मिळाली. अडुळसा कफ मोकळा करतो, परंतु क्षय बरा करीत नाही. हा भेद न ओळखल्यास काढ्याच्या भरवशावर मौल्यवान महिने निघून जातात आणि त्याच घरातील मुलांना संसर्ग होतो. दाट वस्ती, अपुरा आहार व धुळीचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्या श्रमिक कुटुंबांना हा धोका अधिक आहे.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, सायंकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा असतो आणि बरे वाटू लागले तरी तो मध्येच सोडू नये. क्षय लपविण्यात कसलीही प्रतिष्ठा नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या दारी अडुळशाची एक फांदी अवश्य लावावी. मुलांना तिचा गुण सांगावा आणि तिची मर्यादाही सांगावी. परंपरेतून आलेले ज्ञान पारखून घ्यावे, उपयोगी ते ठेवावे आणि जिथे ते अपुरे पडते तिथे निःसंकोच दवाखान्याची वाट धरावी.