खेळ विंडोजचा, यंत्र लिनक्सचे

विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. शाळांतले पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते, पण मुले लगेच विचारतात, "गुरुजी, आपला खेळ आता चालायचा नाही का?" खेळ तर विंडोजसाठी लिहिलेला! मग यंत्र मोडीत काढावे काय? बहुधा तशी गरज पडत नाही. का, ते पाहू.

समजा, तेलुगू बोलणारा एक गवंडी आपल्या गावी कामास आला. विटा, थापी, ओळंबा सारे तेच. हातही तसेच चालतात. अडते एवढेच, की त्याची "पाणी आणा, विटा द्या" ही मागणी कोणाला कळत नाही. यासाठी सबंध तेलुगू गाव वसवावे लागते का? छे! एक दुभाष्या पुरे.

संगणकातला असा दुभाष्या म्हणजे 'वाइन' ही आज्ञावली. खेळातली बेरीज-वजाबाकी प्रोसेसर जशीच्या तशी करतो. मात्र 'फाइल उघड, आवाज काढ' अशा मागण्या खेळ विंडोजकडे करतो. त्या वाइन ऐकते आणि लिनक्सकडून पुऱ्या करून घेते. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० ही आवृत्ती निघाली २००८ मध्ये. पुढे २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनच्या पायावर खास खेळांसाठी 'प्रोटॉन' आणले.

आता कृती. लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारातून वाइन घ्यावे आणि खेळाची 'डॉट ईएक्सई' फाइल त्यातून उघडावी. वाइन एक लपलेला फोल्डर तयार करते. त्यातला 'ड्राइव्ह-सी' खेळाला विंडोजची सी ड्राइव्हच वाटतो. खेळ स्टीमवरचा असेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' येथे प्रोटॉनची आवृत्ती निवडावी. एक चालली नाही, तर दुसरी लावून बघावी. प्रोटॉन चित्रांच्या आज्ञा सहसा 'व्हल्कन' पद्धतीत उलथते. म्हणून फार जुन्या ग्राफिक्स-कार्डावर नवा खेळ अडतो.

दुभाष्याला मर्यादाही आहेत. काही ऑनलाइन खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यातच बसतो. तिथवर वाइन पोचत नाही. यंत्राचा प्रोसेसरच निराळ्या जातीचा असेल, जसा रास्पबेरी पायचा, तर एकट्या वाइनने भागत नाही. आणि दुभाष्या भलेबुरे पारखत नाही, बरे का! विंडोजचा व्हायरसही त्याच्या मार्फत चालू शकतो. तेव्हा फाइल खात्रीच्या ठिकाणचीच घ्यावी.

शिक्षक बंधु-भगिनींनी आधी एकाच संगणकावर, एकाच खेळाने हा प्रयोग करावा. तो चालला, तर बाकीची यंत्रे भंगारात देण्याची घाई करू नये.