सही कोणाची, निर्णय कोणाचा?

सिंदखेडराजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात. जिजाऊंचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण बैठकीत बाईला बसवतो कोठे?

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली निघाले. २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रमात त्याने लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. त्यांची कार्यकारिणी बचत गटांतल्याच बायकांची. व्यवस्थापक पगारी, पण त्याला हिशेब विचारायचा तो या बायकांनी. मर्म येथे आहे. युनियनमध्ये मी पाहिले, इतिवृत्त आणि चेकबुक ज्याच्या हाती, सत्ता त्याची. आम्ही बायांकडून वर्गणी घेतली, चिटणीसपद दिले नाही. (त्यात मीही होतो.)

महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांना राखीव. तरी सही तिची, निर्णय नवऱ्याचा, असे चालतेच. आधी हिशेब शिकवा. आणि बैठक स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका.