आगटीतलं बेतुतू

सकाळी ६. पौषातला रविवार, अंबाजोगाईत बोटं आखडवणारी थंडी. परसातल्या गवती चहाची आम्ही एरवी वरची पाती तेवढी कापतो. आज बुडख्यासकट दोन थोंबं उपटली, कारण बालीच्या स्वयंपाकात चालतो तो खालचा पांढरा दांडा. माय दारातून म्हणाली, "वर्षाचा चहा उपटलास की रं!"

७. रात्री भिजत घातलेलं कुलंजन अजून सरपणासारखंच. काष्ठौषधीच्या दुकानात मागितलं तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "घसा बसला का?" तिकडं ते आल्यासारखं ओलं मिळतं.

८. आता खरं काम, म्हणजे वाटण. 'बासे गेनेप' हा बालीचा मूळ मसाला. गेनेप म्हणजे पूर्ण. छोटे कांदे, लसूण, आलं, ओली हळद, कुलंजन, मिरच्या, धने, मिरे, जायफळ, शिवाय एक तेलकट बी. तिच्या जागी मी काजू घेतले. 'तेरासी' हा कोळंबीचा आंबवलेला गोळा, तो इथं कुठला! बाजारातली सुकट भाजून घातली. वास पुरता तसा येत नाही, पण शेजारची मांजर आली.

मिक्सर होता, तरी पाट्यावर बसलो. वाटता वाटता लक्षात आलं, की अडचण जिनसांची नाहीच, पाण्याची आहे. आपलं येसर बघा: धान्य, डाळी, मसाले खरपूस भाजून, दळून डब्यात भरलं की महिनोन्‌महिने निर्धास्त. पाहुणा आला की आधणात टाकायचं, आमटी तयार. दुष्काळाचा मुलूख असाच रांधणार, कोरडा आणि साठवणीचा. बालीत बारमाही हिरवं. भातखाचरांना पाणी वाटून देणाऱ्या तिथल्या 'सुबाक' पद्धतीला २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. तिथला मसाला रोज ओला वाटतात, रोज संपतो. माझा तो पिवळाजर्द गोळा दोन दिवसांत आंबला असता. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "मग रोज पाट्याला कोण बसायलंय?"

९.३०. शेतात. बेतुतू म्हणजे मसाला चोळलेलं, पोटातही भरलेलं बदक किंवा कोंबडी; पानात गुंडाळून भाताच्या तुसाच्या धगीत तासन्‌तास ठेवतात. आमच्याकडं तूस नाही, पण हुरड्याची आगटी आहे. गावरान कोंबडी केळीच्या पानात तिहेरी बांधली, वर ओलं गोणपाट, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरली. हुरड्याला मिनिटं पुरतात. हिला पाच तास.

१२. तोवर 'उराब': उकडलेल्या चवळीच्या शेंगा, पालक, ओलं खोबरं. खोबरं योगेश्वरीच्या प्रसादाच्या नारळाचं. देवी कोकणस्थांची कुलस्वामिनी, भक्त नारळाच्या मुलखातले. गावात मात्र घरोघरी सुक्या खोबऱ्याची वाटी. मायचा दंडक एकच होता: प्रसाद कोंबडीला लावायचा नाही.

१. 'सांबल माताह'. माताह म्हणजे कच्चं. कांदा, मिरची, गवती चहाचा दांडा, सगळं केसासारखं बारीक चिरून वर लिंबू आणि गरम खोबरेल. खोबरेल म्हटल्यावर मायनं डोक्याला हात लावला; तिच्या लेखी ते डोक्यालाच.

२.३०. आगटी उकरली. वरचं पान कोळसा, आतलं हिरवट तपकिरी. एका बाजूचं मांस हाडावरून सुटलं, दुसरी मांडी चिवट. निखारे तिकडं कमी पडले होते.

बालीच्या घरांत स्वयंपाक सकाळी एकदाच होतो, मग ज्याला भूक लागेल तो वाढून घेतो. पण आधी पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात चुलीपाशी, पाण्यापाशी, दारापाशी ठेवतात. हे मी मायला सांगितलं नव्हतं. तिनं भाताची मूद आणि मांसाचा एक तुकडा पानावर घेतला, बांधावरच्या म्हसोबापुढं ठेवला आणि मग येऊन बसली.

पहिला घास खाऊन बराच वेळ बोलली नाही. मग फडक्यातली भाकरी सोडली.

"भातासंगं नाही जमत हे. घे, कुस्कर."