रिकाम्या यादीचं दशक

३१ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने अझूर ऑटोमेशनमधलं जुनं अपडेट मॅनेजमेंट बंद केलं. याची कुठे मोठी बातमी झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं. पण ज्यांच्या सर्व्हरवर महिन्याच्या ठरलेल्या रात्री पॅच चढत असत, त्यांना ती सगळी वेळापत्रकं उचलून नव्या जागी न्यावी लागली. नव्या जागी वेळापत्रकाचं नाव ‘मेंटेनन्स कॉन्फिगरेशन’ आणि ते पाहायची कमांडही निराळी. काम तेच, रात्र तीच, मशीनही तीच. बदललं ते एवढंच, की ‘या महिन्यात कोणती कामं लागलेली आहेत?’ हा प्रश्न आता दुसऱ्या दारात जाऊन विचारायचा. गेल्या दहा वर्षांत हे दार इतक्यांदा बदललं, की त्याचा एकदा हिशेब मांडायला हवा. माझं म्हणणं असं: क्लाउडने मशीन सांभाळण्याचं ओझं उचललं हे खरं, पण देखभालीची यादी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि ती शोधून काढण्याचं काम ग्राहकावर टाकलं. हा सौदा आपण नीट न वाचताच सही करून मोकळे झालो.

त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं भरभर उलटली तरी चालतील. युनिक्सवर क्रॉन होतं, १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती पुढे लिनक्सवर रुळली, आणि ‘क्रॉनटॅब -एल’ म्हटलं की त्या खात्याची ठरलेली कामं ओळीने समोर येत. मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे काम. फार कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. प्रत्येक खात्याची यादी वेगळी असे, शिवाय काम लागलंय एवढंच कळे, झालं की नाही ते कळत नसे. पण एक गोष्ट पक्की होती. त्या मशीनवर यादीबाहेरचं काम दुसऱ्या कुणी परस्पर लावून ठेवलेलं नसे. कुणी लावलं असेल तर तो त्याच खोलीत बसलेला असे.

नाशिककरांना नियोजित बंदची भाषा नवी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून महावितरणचं देखभाल-दुरुस्तीचं कामही बहुतेक शनिवारीच निघतं. महापालिकेलाही गंगापूर धरणावरच्या पंपिंग स्टेशनचं काम काढायचं तर शनिवारच सापडतो. पेपरात निवेदन येतं: अमुक भागांत शनिवारी पाणी येणार नाही, कारण अमुक जलवाहिनीचं काम, आणि रविवारी सकाळचा पाणीपुरवठा कमी दाबाने होईल. भाग, वेळ, कारण आणि नंतरचा परिणाम, चारही गोष्टी त्या चार ओळींत असतात. निवेदन पाळलं जातं की नाही हा वेगळा वाद, त्यात मी आज पडत नाही. पण त्याच सातपूरमध्ये ईएसडीएससारख्या कंपनीचं डेटा सेंटर उभं आहे, म्हणजे क्लाउड ही काही सातासमुद्रापारची गोष्ट उरलेली नाही, आणि त्याच्या देखभालीच्या सूचनेकडून या चार ओळींइतकी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

ज्या दशकावर थांबायचं ते माझ्या मते सुरू होतं २५ सप्टेंबर २०१४ ला, घटस्थापनेच्या दिवशी. ॲमेझॉनने आपल्या ताफ्यातल्या जवळपास दहा टक्के व्हर्च्युअल मशीन पुढच्या काही दिवसांत रीबूट होतील असं कळवलं. कारण सांगितलं नाही. १ ऑक्टोबरला ही मशीन चालवणाऱ्या झेन हायपरवायझरमधली सुरक्षेची चूक जाहीर झाली तेव्हा ते उघड झालं. चूक आधी सांगणं धोक्याचं होतं, हे मान्य. मुद्दा पुढचा आहे. एक वर्षापूर्वीच, २०१३ मध्ये, ॲमेझॉनचं एकत्रित कमांड-लाइन साधन आलं होतं आणि त्यातल्या ‘डिस्क्राइब-इन्स्टन्स-स्टेटस’ला विचारलं की कोणती मशीन कधी रीबूट होणार हे कळत असे: ‘नॉट बिफोर’ आणि ‘नॉट आफ्टर’, म्हणजे या वेळेच्या आधी नाही, त्या वेळेच्या नंतर नाही. ईमेलची वाट न पाहता आपण होऊन विचारता येत होतं, आणि आलेलं उत्तर फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी ताडून पाहता येत होतं. स्क्रीनवरच्या रंगीत चौकटींनी ही सोय आजवर दिलेली नाही. कमांड-लाइनची बाजू घेणाऱ्यांना जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी निदान एवढं ध्यानात घ्यावं.

पण यादीला तेव्हापासूनच दोन खोडी होत्या. ही कमांड, वेगळं सांगितल्याशिवाय, चालू असलेल्या मशीनच दाखवते, थांबवून ठेवलेल्या नाही. आणि ती एका वेळी एकाच रीजनला, म्हणजे डेटा सेंटरांच्या एकाच भौगोलिक गटाला, विचारते. २७ जून २०१६ ला ॲमेझॉनचं मुंबई रीजन सुरू झालं. त्याआधी इथल्या ग्राहकांनी सुरू केलेली कामं अर्थातच सिंगापूर, अमेरिका अशा बाहेरच्या रीजनमध्ये होती, आणि सगळ्यांनी ती हलवली असतील असं मानायला आधार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबादची भर पडली. मुंबईला विचारलं आणि काम सिंगापूरच्या मशीनवर लागलेलं असेल, तर उत्तरात दोन चौकटी कंस येतात, मध्ये काही नाही. चूक नाही, इशारा नाही, ‘तुमची मशीन दुसरीकडेही आहेत’ अशी कुजबुजदेखील नाही. रिकामी यादी आणि चुकीच्या जागी विचारलेला प्रश्न यांचं उत्तर दिसायला सारखंच. या दशकाचा सगळा घोळ त्या दोन कंसांत आहे.

यादी भरलेली असली तरी ती वाचणं सोपं नाही. ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेला प्रलंबित देखभाल विचारली तर एक नोंद येते: कृती ‘सिस्टिम-अपडेट’, वर्णन साधारण ‘नवं ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे’ अशा छापाचं, आणि सोबत तारखांचे रकाने. ‘ऑटो अप्लाइड आफ्टर डेट’ म्हणजे त्या तारखेनंतरच्या पहिल्या खिडकीत, म्हणजे देखभालीसाठी ठरलेल्या वेळेत, काम आपोआप होणार. ‘फोर्स्ड अप्लाय डेट’ म्हणजे तोवर तुम्ही हो म्हणा किंवा नाही, होणारच. या दोन तारखांतला फरक ज्याला कळतो त्याची रविवारची झोप वाचते. खिडकी तुम्ही निवडली नसेल तर कंपनी त्या रीजनच्या आठ तासांच्या पट्ट्यातून अर्धा तास स्वतः उचलते. तीही यूटीसीमध्ये. ‘सॅट, वीस तीस ते एकवीस’ असं लिहिलेलं दिसलं, की शनिवारची रात्र समजून लोक निवांत होतात. प्रत्यक्षात साडेपाच तास मिळवले की ती रविवारची पहाट होते, दोन ते अडीच. हे अर्थात भलं उदाहरण झालं. तेच आकडे सकाळच्या सहाचे असते, तर काम शनिवारी साडेअकराला, ऐन वर्दळीत निघालं असतं. आणि एवढं करून काम कशासाठी, नंतर काय मंदावेल, हे त्या नोंदीत नसतंच. पंपिंग स्टेशनचं निवेदन इथे सरस ठरतं.

मग वेळापत्रकं फुटत गेली. २०१५ मध्ये ॲमेझॉनच्या लॅम्डाची ठरल्या वेळी चालणारी फंक्शन्स आली, २०१६ मध्ये क्लाउडवॉच इव्हेंट्स आणि वर्षअखेरीस सिस्टिम्स मॅनेजरच्या ‘मेंटेनन्स विंडोज’, २०१९ मध्ये इव्हेंटब्रिज, २०२२ मध्ये त्याचाच स्वतंत्र शेड्युलर. ही झाली एकाच कंपनीची वंशावळ. त्यात कुबर्नेटिसचे क्रॉनजॉब, जे २०२१ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले, आणि लिनक्सच्या पोटातले टायमर मिळवा. प्रत्येकाची यादी मागायची कमांड वेगळी. ‘सर्व्हर म्हणजे गुरं, लाडाची जनावरं नव्हेत’ हे त्या काळातलं आवडतं सूत्र, आणि त्याच्या जोरावर एकेका मशीनची नोंद ठेवणं मागासलेपणाचं ठरवलं गेलं. ज्यांनी ते सूत्र इथे आणून रुजवलं, त्यांनी निफाड-सिन्नरकडचा पोळा पाहिला नसावा. तिथे बैलाला नाव असतं, त्याचं वय माहीत असतं, आणि तो कधी आजारी होता हेही.

या दशकावर माझा सर्वांत मोठा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. २०१६ च्या डिसेंबरात ॲमेझॉनने ‘पर्सनल हेल्थ डॅशबोर्ड’ आणला. विखुरलेल्या सूचना अखेर एका जागी आल्या. स्क्रीनवर पाहणं फुकट. पण तीच माहिती कमांडने, प्रोग्रॅमने मागायची तर बिझनेस किंवा त्यावरचा सपोर्ट विकत घेतलेला हवा. म्हणजे माणसाने रोज डोळे फोडून पाहावं, मशीनला पाहायचं असेल तर पैसे भरा. तुमच्याच डेटाबेसवर आम्ही कधी हात घालणार हे तुमच्या स्क्रिप्टला एका जागी सांगण्याचं शुल्क. मोठ्या बँकेला हे जाणवतही नाही. सातपूरमधल्या आठ-दहा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला जाणवतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की चांगल्या क्लाउडमध्ये देखभाल दिसतच नाही, मग यादी कशाला? गूगलने २०१३ पासून चालती मशीन न थांबवता दुसऱ्या हार्डवेअरवर सरकवण्याची सोय दिली, आणि ती खरोखर उत्तम आहे. पण जीपीयू जोडलेली मशीन तशी सरकत नाहीत, त्यांना थांबावंच लागतं. आज ज्याला-त्याला एआयसाठी जीपीयूच हवा आहे. म्हणजे अदृश्य देखभालीचं वचन नेमकं सगळ्यांत महागड्या मशीनपाशी संपतं. दुसरा आक्षेप वेळ पाळण्याचा: यादी असली तरी कंपनी ती मोडतेच की. जानेवारी २०१८ मध्ये अझूरच्या ग्राहकांना सोयीची वेळ निवडायला ९ तारखेपर्यंत मुदत होती. प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन-स्पेक्टर या चुकांची बातमी वेळेआधी फुटली आणि ३ तारखेलाच रीबूट सुरू झाले. आणीबाणीत असं होणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेळापत्रक मोडलं हे तरी कळायला आधी वेळापत्रक हातात लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. यादीत काम असणं म्हणजे ते होणं नव्हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा लक्षात आलं की रोजचा बॅकअप लागलेला होता पण होत नव्हता. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. काम फसल्याच्या ईमेल सूचनाही पलीकडे नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं असं वाटेल. मला ते अर्धंच तसं वाटतं. यादी खोटी नव्हती, अपुरी होती. ‘शेवटचं कधी यशस्वी झालं’ हा रकाना ज्या यादीत नाही ती निम्मीच यादी, आणि हा दोष जुन्या क्रॉनलाही लागू आहे.

आणि यादीतच नसलेल्या कामांचं काय? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनवर जाऊन बसलं, ती बंद पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते अपडेट कुणाच्याच देखभालीच्या खिडकीतून आलं नव्हतं. २० ऑक्टोबर २०२५ ला, नरक चतुर्दशीच्या दुपारी, ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता डीएनएसमधून नाहीसा झाला. कंपनीनेच नंतर सांगितलं: आपोआप चालणाऱ्या दोन प्रक्रियांची वेळ एकमेकींवर आली, जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली गेली, आणि साफसफाईच्या कामाने तीच कालबाह्य समजून पुसली. नोंद उरली ती रिकामी. साफसफाई म्हणजे देखभालच की. ती कंपनीच्या घरातली होती म्हणून ग्राहकाच्या कोणत्याच कमांडला दिसणारी नव्हती.

आता म्हणे कमांड पाठ करायची गरज नाही, एआय सहायकाला मराठीत विचारा. विचारावं जरूर. तो ‘या आठवड्यात कोणतीही नियोजित देखभाल नाही’ असं छान वाक्य देईलही. पण त्याने कोणत्या रीजनला विचारलं, थांबलेल्या मशीन धरल्या की नाही, आणि आठवडा कोणत्या घड्याळाचा, हे त्या वाक्यात नसेल तर दोन कंसांपेक्षा ते अधिक घातक, कारण कंस निदान भरवसा देत नव्हते. नाशिकपुरतं बोलायचं तर २०२७ च्या सिंहस्थात गर्दी, वाहतूक, पार्किंग यांची व्यवस्था कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालणार. पर्वणीच्या पहाटे कोणत्या डेटाबेसची खिडकी उघडते, हे तपासायला दर रीजनमागे एक कमांड आणि साडेपाच तासांची बेरीज पुरे. ते काम ठेकेदाराचं की महापालिकेच्या संगणक विभागाचं, हे करारात एका ओळीने लिहून ठेवलं नाही, तर दोघंही ते दुसऱ्याचंच समजतील.