ओली सतरंजी आणि घरातला खोकला

पावसाळ्यात वस्तीतून फिरताना आया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, औषध दिले की लेकराचा खोकला थांबतो, पुन्हा सुरू होतो. असे का?" आम्ही आधी लेकराला तपासतो, मग ते झोपते ती गादी उचलून पाहतो. पुष्कळदा वरची बाजू कोरडी असते, पण खालची ओलसर असते आणि तिला कुबट वास येतो. कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके दिसतात. ती बुरशी.

बुरशीचे बीज डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत सगळीकडे असते. कोरड्या जागी ते नुसते पडून राहते, ओल मिळाली की रुजते. कापूस, ताग आणि गालिच्यात साठलेली धूळ हे तिचे अन्न. दमट अंथरुणात धुळीतले अतिशय बारीक कीटकही वाढतात. या दोन्हींमुळे शिंका येतात, नाक चोंदते, पहाटे खोकल्याची उबळ येते आणि दम्याचा त्रास वाढतो. ओलीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास अधिक होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे.

ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत आतपर्यंत वाळली, तर बुरशीला सहसा वाव मिळत नाही. म्हणून एवढे लक्षात ठेवा : जे दोन दिवसांत वाळणार नाही, ते भिजवू नका.

वाळणे म्हणजे कापडातले पाणी हवेत जाणे. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते जाणार कुठे? जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी नुसत्या उबेने काम होत नाही, वारा खेळता लागतो. ओल्या कापडालगतची दमट हवा वाऱ्याने हलते, तिच्या जागी दुसरी येते, तेव्हा पाणी निघते.

गालिच्याचे दुखणे वेगळे. कामाच्या ठिकाणाहून मिळालेला जुना गालिचा आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो. आपल्या ज्या भगिनी हॉटेलांत आणि कार्यालयांत सफाईचे काम करतात, त्यांना ठाऊक आहे की तिथले यंत्र गालिच्यावर पाणी मारते आणि लगेच ओढूनही घेते. तरीही तो वाळायला साधारण ६ ते २४ तास लागतात. आपण घरी बादलीभर पाणी ओततो, पण ओढून घ्यायला यंत्र नसते. ते पाणी खालच्या तागाच्या थरात मुरते. हळूहळू वाळताना तळाची घाण वर येते, तपकिरी डाग पडतात आणि वास सुटतो.

म्हणून गालिचा आणि सतरंजी अशी स्वच्छ करा :

१. आधी बाहेर नेऊन झटका. नाकातोंडाला रुमाल बांधा, मुलांना आणि दमेकऱ्यांना लांब ठेवा. कोरडी धूळ गेली की पाणी कमी लागते.

२. डाग असेल तेवढीच जागा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. साबण थोडाच वापरा. राहिलेला साबण चिकट होतो आणि धूळ धरतो.

३. लगेच कोरडे सुती कापड ठेवून पायाने दाबा. कापड ओले झाले की बदला.

४. दोरीवर किंवा दोन खुर्च्यांवर टाका, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. भिंतीला टेकवू नका, फरशीवर पसरू नका.

५. पालथा हात खालच्या बाजूला लावून बघा. गार लागले तर अजून ओल आहे.

गादी धुवायची नसते. तिला चादर घाला, चादर धुवा आणि ऊन पडेल तेव्हा गादी उलटून-पालटून वाळवा. फरशीवरची गादी सकाळी उभी करून ठेवा. रात्रीचा घाम तरी निघून जाईल.

घाईत दोन धोके मात्र पत्करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे किंवा गादी वाळवू नका. तिच्यातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत जीव जातो. ओल्या फरशीवर पंख्याची किंवा जोडवायरीची वायर टाकू नका.

गटाराचे पाणी घरात शिरले असेल तर नियम बदलतो. भिजलेला जाड गालिचा आणि फोमची गादी टाकून द्या. जीवावर येते, पण आतली घाण निघत नाही. गोधड्या, चादरी, पातळ सतरंज्या गरम पाण्यात साबणाने धुवून वाळवा.

विहारातल्या सतरंज्यांचेही असेच. वर्षावास आषाढ ते अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सगळ्यांत दमट महिन्यांतच सतरंजीवर सर्वाधिक माणसे बसतात. ओल्या पायांसाठी दाराशी पोते ठेवा आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंजी लगेच गुंडाळू नका, तासभर पंख्याखाली राहू द्या. मोठी धुणी ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवा.

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो ओलीचा समजून सोडू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दम्याचा पंप चालू असेल तर मनाने बंद करू नका.

घर दमट असणे हा घरातल्या बाईचा दोष नव्हे. खिडकी नसलेली खोली, तुंबलेले गटार, गळकी जलवाहिनी, ही ओलीची मुळे आहेत. गादी आपण वाळवू, पण गटारासाठी चार घरांनी मिळून वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.