वडिलोपार्जित जमिनीची वाटणी आणि कन्येचा हिस्सा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील खेड्यांत खातेदाराच्या निधनानंतर वारसाचा फेरफार होतो आणि सातबारा उताऱ्यावर मुलांसोबत मुलींचीही नावे लागतात. त्यानंतर अनेक घरांत त्या मुली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करतात आणि त्यांची नावे कमी होतात. कायद्याने दिलेला हिस्सा आणि प्रत्यक्ष पदरी पडणारा हिस्सा यांत हे अंतर का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील वाटणीशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. तेथील विषमता उघड होती. परंतु जमीनदार घराण्यातील कन्येला जे मिळायचे ते लेखी असे.

इंग्लंडमधील पद्धती :
मृत्युपत्र नसल्यास जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जावी, हा इंग्लंडमधील नियम १९२५ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकला. केंट परगण्यात मात्र सर्व पुत्रांत समान वाटणीची जुनी रूढी होती. मोठी घराणी केवळ या नियमावर विसंबत नसत. विवाहप्रसंगी किंवा पुत्र सज्ञान झाल्यावर ते करारनामा करीत. त्यानुसार ज्येष्ठ पुत्र इस्टेटीचा हयातीपुरता उपभोक्ता होई. धाकटे पुत्र व कन्या यांच्यासाठी ठरावीक रोख रकमेचा बोजा त्याच जमिनीवर ठेवला जाई. जमीन अखंड राही, वाटणी होई ती पैशाची. १८७० नंतरच्या दशकांत शेतमालाचे भाव कोसळले व खंड घटले, तेव्हाही हे बोजे कायम राहिले आणि अनेक इस्टेटी त्याखाली वाकल्या. कन्येची रक्कमही सर्वस्वी तिची नव्हती. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यापूर्वी, स्वतंत्र विश्वस्तव्यवस्था नसेल, तर ती पतीच्या ताब्यात जाई.

येथे एका शब्दाचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लिश कायद्यात पुत्र नसताना कन्या एकत्रितपणे वारस होत. त्यांना ‘कोपार्सनर’ म्हणत. ब्रिटिश न्यायाधीशांनी हाच शब्द हिंदू एकत्र कुटुंबातील सहदायादांसाठी वापरला, आणि त्या वर्गात कन्येला स्थानच नव्हते!

मिताक्षरा आणि ज्येष्ठांश :
मराठवाड्यात परंपरेने मिताक्षरा प्रमाण मानली गेली. स्मृतींमध्ये ज्येष्ठ पुत्रासाठी अधिक भाग सांगितलेला आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने, शास्त्रात असली तरी लोकांना अप्रिय असलेली विषम वाटणी आचरू नये, असे प्रतिपादन केले. लोकमताचा आधार घेऊन शास्त्रवचन बाजूला ठेवण्याचे हे धैर्य विलक्षण होते. मात्र त्याचा लाभ पुत्रांपुरताच राहिला. पाटीलकीसारख्या वतनात वडील शाखेचा मान वेगळा राही, तरी शेत भावाभावांत वाटले जाई. इंग्लंडने जमीन राखली आणि धाकट्यांना जमिनीवाचून ठेवले. येथे सर्व भाऊ जमीनधारक झाले आणि बांध वाढत गेले.

१९५६ ते २०२० :
हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला, तेव्हा आजचा जालना जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला; जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९५६ च्या कायद्याने कन्या वारस झाली, सहदायाद नव्हे. वडील, दोन मुलगे, एक मुलगी व १२ एकर वडिलोपार्जित जमीन असे कुटुंब घेऊ. आई हयात नाही असे मानू. वडिलांच्या मृत्युसमयी काल्पनिक वाटणीत वडील व दोन मुलगे यांना प्रत्येकी ४ एकर येत. वडिलांचे ४ एकर मग तिन्ही अपत्यांत विभागले जात. मुलीस सुमारे १ एकर १३ गुंठे, तर प्रत्येक मुलास सुमारे ५ एकर १३ गुंठे. सहदायाद झालेल्या मुलीस याच कुटुंबात पूर्ण ४ एकर मिळतात.

महाराष्ट्राने हा बदल १९९४ मध्येच केला. परंतु २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. परिणामी १९९३ मध्ये लग्न झालेली थोरली आणि १९९५ मध्ये लग्न झालेली धाकटी, या सख्ख्या बहिणींचे हक्क वेगळे झाले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी पूर्ण झालेल्या वाटण्यांना मात्र संरक्षण दिले. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

हक्कसोड आणि माहेर :
कायदा येथवर आला, तरी वाटणी घराच्या ओसरीवर ठरते. मुलीच्या लग्नात खर्च झाला, हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा, असा युक्तिवाद केला जातो. १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी असताना त्यालाच वाटणीचा भाग म्हणावे, ही विसंगती फारशी कोणाला खटकत नाही. बहिणीच्या बाजूने पाहता सहीमागे हिशेब असतोच. माहेरचा उंबरठा, दिवाळीची साडी-चोळी, भाच्यांच्या लग्नातील मामाचा मान आणि संकटात परत येण्याची जागा, हे सारे त्या सहीच्या मोबदल्यात टिकेल अशी तिची अपेक्षा असते. हा मोबदला दस्तात लिहिलेला नसतो. भाऊ पुढे फिरला, तर तो मागताही येत नाही. इंग्लंडमधील धाकट्या कन्येच्या तुटपुंज्या रकमेमागे निदान जमिनीचे तारण होते.

भावांची अडचण खोटी नाही. घनसावंगी किंवा अंबडकडील मोसंबीच्या बागेचे तीन भाग केले, तर विहीर एकाच्या हद्दीत येते. दुसऱ्याला पाण्याची पाळी मिळते आणि तिसऱ्याला वाटेसाठी भांडावे लागते. अवर्षणात विहिरीचे पाणी एका भागालाही पुरत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा अशी वाटणी रोखतो. पण त्यातच एक मार्गही आहे. वाटणीने तुकडा पडत असेल, तर न्यायालय किंवा जिल्हाधिकारी हिस्सेदारास जमिनीऐवजी रोख भरपाई देऊ शकतात. बहिणीला जमीन देता येत नसेल, तर तिचे मूल्य देता येते. ओसरीवरील चर्चेत ही तरतूद सहसा निघत नाही, कारण तेथे प्रश्न जमिनीच्या तुकड्याचा नसून बहिणीने ‘मागावे’ की नाही, हा असतो.

तोंडी सोडलेला हक्क कायद्याने सुटत नाही. स्थावरातील हक्कसोडपत्राची नोंदणी लागते. नोंदणी झाल्यावर मात्र फसवणूक, दबाव किंवा गैरवाजवी प्रभाव दिवाणी न्यायालयात सिद्ध केल्याखेरीज ते रद्द करून घेणे कठीण, आणि दावाही ती बाब कळल्यापासून तीन वर्षांत आणावा लागतो. वडिलांच्या दुःखात, दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत सही केलेल्या स्त्रीला ही मुदत सही करताना कोणी सांगितलेली नसते.