पेल्याशेजारचा दाणा

बारमध्ये टेबलाशी टेकलात की पेयाच्या आधी वाटी येते. मुंबईच्या परमिट रूममध्ये तिच्यात खारे शेंगदाणे नाहीतर फुटाणे असतात, पंचतारांकित हॉटेलात काजू-बदाम-पिस्त्यांची सरमिसळ. वाटीमागचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच. खारट खाल्ले की तहान लागते, आणि तहान लागली की पुढचा पेला मागवला जातो. हा हिशेब खरा असला तरी त्यापायी दाणा कायमचा चखणा होऊन बसला. कॉकटेलांची यादी दोनदा वाचणारा माणूस वाटीकडे पाहतही नाही. तिच्याकडे पाहावे, कारण मुरलेल्या जुन्या कॉकटेलांना आपापला दाणा असतो आणि बऱ्याचदा तो त्या पेयाच्याच मुलखात पिकलेला असतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली कॉकटेल म्हणजे काय ते छापले होते: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे मद्याची जळजळ, गोडी, कडवटपणा आणि हे सगळे सैल करणारे पाणी. पुढे त्यात लिंबू आले, व्हर्मुथ आले, फळांचे रस आले. तरीही बहुतेक कॉकटेलांत दोन गोष्टींची जागा रिकामीच राहिली, मीठ आणि स्निग्धपणा. खारवून भाजलेल्या दाण्यात नेमक्या याच दोन गोष्टी असतात. काजूत वजनाच्या सुमारे ४४ टक्के स्निग्धांश असतो, बदामात ५०, अक्रोडात ६५, तर मॅकाडेमियात ७५ टक्क्यांच्या आसपास. तो जिभेवर पसरला की मद्याची धार बोथट होते. मिठाचे काम याहून बारीक आहे. ब्रेस्लिन आणि बोशां या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की मीठ कडवटपणा दाबते, आणि तो दबला की त्याच्याखालची गोडी वर येते. द्राक्षावर किंवा कैरीवर मीठ टाकणाऱ्या आपल्या घरांना हे अनुभवाने ठाऊक आहेच.

याचा सर्वात स्पष्ट दाखला नेग्रोनीचा. जिन, कांपारी आणि गोड व्हर्मुथ सारख्या मापाने, वर संत्र्याची साल. १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी याने आपल्या अमेरिकानो या कांपारी-व्हर्मुथच्या पेयात सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी त्याची कथा आहे. पहिल्यांदा पिणाऱ्याला हे पेय कडू लागते आणि अनेकजण तिथेच थांबतात. त्यांच्यासमोर भाजलेले, हलके खारवलेले हेझलनट ठेवावेत. दोन दाणे चावून घेतलेल्या घोटात संत्रे आणि व्हर्मुथमधली वनौषधी वेगवेगळी कळू लागते. गोड व्हर्मुथची परंपरा तोरिनोची, तिथे कार्पानोने १७८६ मध्ये ती सुरू केली. तोरिनोच्याच पियेमोन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर इटलीतला नावाजलेला हेझलनट पिकतो. तो कुटून चॉकलेटमध्ये मिसळण्याची जांदुया मिठाईही तोरिनोचीच. इतक्या वर्षांच्या शेजारात एकमेकांची चव रुळली नसती तरच नवल.

अमेरिकेच्या दक्षिणेतली जोडी मात्र मला सर्वांत मोलाची वाटते. ओल्ड फॅशन्ड म्हणजे बर्बन, साखर, बिटर्स आणि बर्फ. १८०६ च्या व्याख्येच्या सर्वांत जवळ राहिलेले पेय. त्याचा दाणा पिकन. हा अक्रोडाच्या कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा. अक्रोडापेक्षा कमी कडू आणि स्निग्धांशाने त्याहून भरलेला. अडचण अशी होती की बी पेरून वाढवलेले पिकनचे झाड आईसारखे फळ देईलच याची खात्री नसे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावर आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने एका उत्तम झाडाची कलमे यशस्वीपणे बांधली. त्या वाणाची फळे १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात मांडली गेली आणि वाणाला ‘सेंटेनियल’ हे नाव मिळाले. माळ्याचे फक्त पहिले नाव कागदोपत्री उरले. हापूसच्या कलमांवर वाढलेल्या कोकणी वाचकाला त्याच्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पेल्याच्या बाजूलाही असेच हात आहेत. ओल्ड फॅशन्डचे नाव ज्या पेंडेनिस क्लबशी जोडले जाते, त्या लुइव्हिलमधल्या क्लबात टॉम बुलक काम करत असे. १९१७ मध्ये आलेले त्याचे ‘द आयडिअल बारटेंडर’ हे कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचे पहिले कॉकटेल-पुस्तक मानले जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंचांनी आणलेली बदाम-साखरेची प्रालीन मिठाई पिकनची झाली, आणि ती रस्त्यावर विकणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कृष्णवर्णीय होत्या. त्याच शहराचे साझरॅक, म्हणजे राय व्हिस्की, पेशो बिटर्स आणि ॲबसिंथने विसळलेला पेला, साखरेत घोळलेल्या पिकनबरोबर प्यावे. बडीशेपेसारखा तो वास आणि जळक्या साखरेची चव एकमेकांना धरून राहतात.

बर्बनला पिकन इतका का मानवतो याचे उत्तर पिंपात आहे. अमेरिकी कायद्याने बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. लाकडातून व्हॅनिलाचा वास उतरतो आणि लॅक्टोन नावाची संयुगेही उतरतात, ज्यांचा वास खोबऱ्याकडे झुकतो. दाणा भाजला की त्यात खरपूस वासाची पायराझिने तयार होतात. जळका, दुधाळ, गोडसर असे हे सगळे वास एकाच बाजूचे. पिकन आपल्याकडे महाग आहे आणि बहुधा जुना मिळतो. त्यापेक्षा सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मंद आचेवर सोनेरी भाजावेत, चिमूटभर मीठ टाकावे आणि बर्बनबरोबर खावेत. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर हिशेबात खोबरे ‘नट’च्या यादीत बसत नसेल. तसे तर शेंगदाणाही बसत नाही, तो कडधान्यांच्या कुळातला. चवीला त्याने काही फरक पडत नाही.

मॅनहॅटनमध्ये व्हिस्कीला गोड व्हर्मुथची जोड असते आणि तळाशी चेरी. चेरीच्या बीत, जर्दाळूच्या बीत आणि कडू बदामात बेंझाल्डिहाइड हे एकच सुगंधी द्रव्य असते. दिसारोन्नो हे बदामी म्हणून ओळखले जाणारे इटालियन लिकर प्रत्यक्षात जर्दाळूच्या बियांच्या तेलाने सुगंधित केलेले असते. म्हणून मॅनहॅटनबरोबर सालासकट भाजलेला बदाम शोभतो. अक्रोडही चालतो, पण त्याच्या सालीतले टॅनिन आणि पिंपातले टॅनिन मिळून तोंड कोरडे पडते. अक्रोड द्यायचाच असेल तर गरम पाण्यातून काढून, फडक्यात घासून, जितकी निघेल तितकी साल काढून मग भाजावा.

मार्टिनीला पिस्ता. जिनला तिचा वास देणाऱ्या ज्युनिपरच्या फळांत पायनीन असते, पाइनच्या झाडासारखा वास देणारे तेल. पिस्त्याच्या वासातही तेच प्रमुख आहे. पिस्ता, काजू आणि आंबा ही एका कुळातली झाडे, हे कळल्यावर कैरीचा चीक आणि जिन यांच्यातला साधर्म्याचा धागाही सापडतो. मार्टिनी गार असतानाच संपवायची असते, म्हणून पिस्ते आधीच सोलून ठेवावेत.

शेरी घातलेल्या कॉकटेलांना, विशेषतः १८९० च्या दशकात योकोहामाच्या ग्रँड हॉटेलात लुई एपिंगरच्या नावावर रूढ झालेल्या बॅम्बूला, स्पेनचा ऑलिव्ह तेलात तळलेला खारा बदाम हवा. हवेच्या संगतीत वर्षानुवर्षे मुरलेल्या शेरीत सोटोलॉन नावाचे द्रव्य असते. मेथीदाण्याचा वास त्याचाच. शेरी हुंगताना आपल्याला घरच्या फोडणीची आठवण का होते, याचे कारण हेच असावे.

उरला शेंगदाणा. त्याला कमी लेखणाऱ्यांनी हवाना आठवावे. सँतियागो दे क्युबाजवळच्या खाणीच्या गावावरून नाव पडलेली डायकिरी, म्हणजे रम, लिंबू आणि साखर, हवानाच्या फ्लोरिदिता बारमध्ये कोन्स्तांतिनो रिबालाइग्वाने जगभर पोचवली. त्याच शहराच्या रस्त्यांवर कागदाच्या निमुळत्या पुड्यांतून गरम शेंगदाणे विकले जात. ते विकणाऱ्या फेरीवाल्यावर मोइसेस सिमोन्सने रचलेले ‘एल मानिसेरो’ हे गाणे १९३० मध्ये डॉन आस्पियासूच्या वाद्यवृंदाने अमेरिकेत गाजवले. आंबट-गोड पेयाला भाजका, मातकट दाणा हवाच असतो. आपला मसाला पीनट कांदा-लिंबू घालून तीच चव साधतो. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात न्याम तोंग बून या हायनानी बारटेंडरने १९१५ च्या सुमारास सिंगापूर स्लिंग तयार केले. तिथल्या लाँग बारमध्ये आजही शेंगा फोडून टरफले जमिनीवर टाकायची रीत आहे.

काही पेयांत दाणा आधीच विरघळलेला असतो. ट्रेडर व्हिक म्हणजे व्हिक्टर बर्जरॉनने १९४४ मध्ये ओकलंडमध्ये केलेल्या माय ताय या रमच्या कॉकटेलात बदामाचे ओर्जा सरबत पडते. त्याबरोबर पुन्हा बदाम देण्यात हशील नाही, मॅकाडेमिया द्यावा. आणि पाहुण्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे का हे विचारताना पेल्यातल्या या लपलेल्या बदामाचाही उल्लेख करावा. ते राहून गेले तर जिवावर बेतू शकते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. वर सांगितलेल्या काही जोड्यांत पेय आणि दाणा एका मुलखाचे आहेत. गोवा-सिंधुदुर्गात ते एकाच झाडाचे आहेत. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू इथल्या डोंगरउतारांवर रुजला. उन्हाळ्यात पिकून गळालेली बोंडे गोळा करून बी वेगळी काढतात, बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात, आणि त्याच महिन्यांत बाजारात ओले काजू असतात. फेणीचा उग्र, फळकट वास रमच्या जागी डायकिरीच्या मापात फार चांगला बसतो, आणि तिच्याशेजारी मिठाच्या पाण्यात घोळवून भाजलेला काजू ठेवला की त्या दोघांत तिसऱ्या कशाची गरज राहत नाही. सिंधुदुर्गात बोंडांचा मोठा वाटा अजूनही वाया जातो, ही खंत इथे नोंदवलीच पाहिजे. आणि काजू सोलताना टरफलातल्या दाहक तेलाने बायकांच्या हातांची जी साले निघतात, त्यांचीही.

घरी करायचे तर एका पेल्याला एकच दाणा ठेवा. मिश्र वाटीत कुठलीच जोडी नीट कळत नाही. दाणे पेयाच्या तासभर आधी १५० अंशांवर, हलवत, मधून फोडून पाहत भाजा. बाहेरून रंग आला आणि आतून पांढरे राहिले तर पाच मिनिटे आणखी. मीठ पाण्यात विरघळवून आधी शिंपडले तर ते दाण्याला धरून राहते. अक्रोड आणि पिकन खवट लवकर होतात, ते फ्रीजमध्येच ठेवा. माणशी मूठभर पुरे. पोटात दाणे असले म्हणजे दारू चढत नाही या समजावर विसंबून कुणी गाडी चालवू नये, फक्त चढायला उशीर होतो.

दिवाळीत घरोघरी सुकामेव्याचे डबे येतात आणि संक्रांतीपर्यंत कपाटात पडून राहतात. तो मेवा यंदा ताजा असतानाच भाजा. काजू विकत घेणार असाल तर कुठला ते विचारा. देशात प्रक्रिया होणाऱ्या काजूचा मोठा हिस्सा आफ्रिकेतून कच्चा येतो, तर वेंगुर्ल्याच्या काजूला स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे. भाजायला अख्खा, महागडा दाणाच हवा असेही नाही. पाकळी आणि तुकडा तितकाच चविष्ट लागतो. तो कोकणातल्या एखाद्या लहान कारखान्याकडून थेट मागवा.